ग्रीक हिरो आणि त्यांचे नातेवाईक : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक पुराणकथा वाचायला घेतल्या की सापाच्या केसांची बाई, बैलाच्या डोक्याचा माणूस, नऊ डोक्यांचा हायड्रा हे सगळं पटापट लक्षात राहतं, पण नातेवाईक सुरू झाले की गाडी अडते. कोण कुणाचा मामा, कुणी कुणाच्या मुलाला मारलं, एकाच नावाचे दोघं कसे, आणि मग माणूस वैतागून सोडून देतो. माझं मत विचाराल तर राक्षसांचा भाग हा साइड शो आहे, खरी स्टोरी घरातच घडते. आणि पेलॉप्स नावाचा एक माणूस मध्ये धरला तर अर्धेअधिक हिरो आपोआप जागेवर बसतात, म्हणून खाली बरंचसं त्याच्यापासूनच सांगितलंय.

पेलॉप्स कोण? आम्ही तर नावच ऐकलं नाही.

नाव ऐकलंय तुम्ही, फक्त नकाशात. ग्रीसच्या दक्षिणेचा तो मोठा हातासारखा भाग, पेलोपोनीझ, म्हणजे 'पेलॉप्सचं बेट'. त्याने कुठलाही राक्षस मारला नाही म्हणून सिनेमावाल्यांनी त्याला घेतलं नाही, पण नातवंडं-पतवंडं पाहिली तर ट्रॉयच्या लढाईतले अगामेम्नॉन आणि मेनेलॉस, युरिस्थियस, थिसियस आणि एका हिशोबाने हेरॅक्लीससुद्धा (म्हणजे हर्क्युलीस) त्याच्याच रक्ताचे. मूळचा तो ग्रीसचा नाहीच, समुद्रापलीकडच्या लिडियाचा, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सिपिलस डोंगराकडचा. बाप टँटलस, आणि टँटलसचा बाप देवांचा राजा झ्यूस.

बापाने त्याला शिजवून देवांना वाढलं होतं, हे खरं का?

कथेत तसं आहे. टँटलसची देवांबरोबर उठबस होती, त्यांच्या पंगतीला बसायचा, आणि त्याला कळेना की देवांना खरंच सगळं कळतं की नुसतं म्हणायला, तर टेस्ट म्हणून पोटच्या पोराचं कालवण करून वाढलं. बाकीच्यांनी ओळखलं आणि ताटाला हात लावला नाही. डिमीटर देवी मात्र मुलगी पर्सेफनी हरवल्याच्या दुःखात होती, लक्ष नव्हतं, तिने खांद्याचा तुकडा खाल्ला. मग देवांनी पोराला पुन्हा जोडलं, जिवंत केलं, आणि गेलेल्या खांद्याच्या जागी हस्तिदंताचा खांदा बसवला. टँटलसला पाताळात शिक्षा झाली : गळ्यापर्यंत पाणी, डोक्यावर फळांच्या फांद्या, प्यायला वाकला की पाणी आटतं, हात वर केला की वारा फांदी उडवून नेतो. ही शिक्षा होमरच्या 'ओडिसी' महाकाव्याच्या ११व्या सर्गात आहे, पण तिथे गुन्हा काय ते सांगितलेलंच नाही.

आणि गंमत म्हणजे ही गोष्ट जुन्या ग्रीकांनाही पचली नव्हती. पिंडार कवीने इ.स.पू. ४७६ च्या ऑलिंपिक विजयावर जे गीत लिहिलं त्यात तो सरळ म्हणतो की देव माणूस खातात असं मी म्हणणार नाही, समुद्रदेव पोसायडनला पेलॉप्स आवडला म्हणून त्याने पळवून नेला आणि कालवणाची कंडी जळक्या शेजाऱ्यांनी पिकवली.

रथाच्या शर्यतीचं काय प्रकरण आहे?

ऑलिंपियाजवळ पिसा नावाचं राज्य होतं, राजा ओनोमॉस, त्याची मुलगी हिप्पोडामिया. मागणी घालायला येणाऱ्याने राजाशी रथाची रेस लावायची, राजाने गाठलं की भाल्याने खेळ खलास. पिंडारच्या मते १३ जण असे गेले. पेलॉप्स जिंकला, पण कसा जिंकला यावर दोन व्हर्जन आहेत. पिंडार म्हणतो पोसायडनने पंखवाले घोडे दिले, विषय संपला. दुसरं व्हर्जन जास्त माणसासारखं आहे : राजाचा सारथी मिर्टिलस, त्याला फितवलं, त्याने राजाच्या रथाच्या चाकाची खीळ काढून मेणाची बसवली, रथ पळाला, मेण वितळलं, चाक निखळलं, राजा गेला. मग पेलॉप्सने काय करावं, ज्याने मदत केली त्या मिर्टिलसलाच कड्यावरून समुद्रात ढकललं. पडता पडता त्याने पेलॉप्सच्या वंशाला शाप दिला, आणि तो साधासुधा सारथी नव्हता, हर्मीस देवाचा मुलगा होता.

ऑलिंपियाच्या झ्यूसच्या देवळाच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी शिल्पपट्टात नेमका हाच सीन आहे, रेस सुरू व्हायच्या आधीचा. इ.स.पू. ५व्या शतकातलं काम, आता तिथल्याच म्युझियममध्ये. सगळे शांत उभे आहेत आणि पुढे काय होणार हे फक्त बघणाऱ्याला माहीत, हे मला तरी मारामारीच्या कुठल्याही शिल्पापेक्षा भारी वाटतं.

म्हणजे पुढचं सगळं मिर्टिलसच्या शापामुळे?

कुणाला विचारता त्यावर आहे. नाटककार सोफोक्लीसच्या 'इलेक्ट्रा' नाटकात मिर्टिलसचं नाव येतं. दुसरा नाटककार एस्किलस मात्र हिशोब पुढच्या पिढीपासून, म्हणजे पेलॉप्सची मुलं ॲट्रियस आणि थायस्टीस या भावांच्या भांडणापासून सुरू करतो. मला एस्किलसचं पटतं, कारण शाप असो नसो, या घरात प्रत्येक पिढीत कुणीतरी स्वतःच्या डोक्याने ठरवून घाण करतं, शापाला फार कष्ट पडत नाहीत.

ॲट्रियस आणि थायस्टीस यांनी नेमकं केलं काय?

आधी दोघांनी मिळून सावत्र भाऊ क्रिसिपस याला मारला, म्हणजे एका व्हर्जनप्रमाणे, आईने म्हणजे हिप्पोडामियानेच फूस लावली होती. घरातून हाकलले गेले आणि मायसिनीला आले. तिथे राज्यावरून वाजलं. ॲट्रियसच्या कळपात सोन्याच्या लोकरीचं कोकरू निघालं, ते ज्याच्याकडे तो राजा असं ठरलं, आणि ॲट्रियसची बायको एरोपी, जी क्रीटच्या मिनॉस राजाची नात, तिने ते कोकरू गुपचूप दिराला दिलं कारण दोघांचं जुळलं होतं. मग झ्यूसने ॲट्रियसच्या बाजूचा कौल म्हणून सूर्य उलटा फिरवला, राज्य परत ॲट्रियसकडे आलं, थायस्टीस हद्दपार झाला. इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण ॲट्रियसने समेटाच्या नावाखाली भावाला जेवायला बोलावलं आणि त्याच्याच मुलांचं मांस वाढलं, खाऊन झाल्यावर डोकी आणि हात दाखवले. आजोबा टँटलसचीच रेसिपी, फक्त यावेळी देव नव्हते पोरांना परत जोडायला.

थायस्टीसला देववाणी झाली की स्वतःच्या मुलीपासून झालेला मुलगा तुझा सूड घेईल, आणि त्याने तेही केलं. मुलगी पेलोपिया, मुलगा ईजिस्थस. म्हणजे थायस्टीस हा ईजिस्थसचा बापही आणि आजोबाही. हाच ईजिस्थस पुढे ॲट्रियसला मारतो आणि त्याच्यापुढे ॲट्रियसच्या मुलाला, अगामेम्नॉनलाही.

पण मायसिनी तर पर्सियसने वसवलं ना? मग हे कुठून आले?

बरोबर पकडलंत. सापाच्या केसांच्या मेड्युसाला मारणारा पर्सियस, दनाईचा मुलगा, त्याच्या हातून आजोबा ॲक्रिसियस चुकून थाळीफेकीत मेला, मग त्या आर्गॉसच्या गादीवर बसायची त्याला लाज वाटली म्हणून अदलाबदल करून टिरिन्स घेतलं आणि मायसिनी वसवलं. पर्सियसच्या मुलांना पेलॉप्सच्या मुली दिल्या होत्या, तिथे दोन घराणी जोडली गेली. त्यातली निसिपी स्थेनेलसला दिली, त्यांचा मुलगा युरिस्थियस. म्हणजे ॲट्रियस हा युरिस्थियसचा सख्खा मामा. थ्युसिडिडीस हा इतिहासकार, अगदी कोरडा माणूस, तोसुद्धा हे नातं देतो : युरिस्थियस लढाईला जाताना मायसिनी मामाच्या ताब्यात देऊन गेला, अॅटिकात मारला गेला, आणि मामा गादीवर बसला तो बसलाच.

हाच युरिस्थियस का, ज्याने हर्क्युलीसला १२ कामं लावली?

हो, तोच. हर्क्युलीस हे रोमन नाव, ग्रीक हेरॅक्लीस. त्याची आई अल्कमिनी ही पर्सियसची नात, तिचा बाप इलेक्ट्रायन आणि युरिस्थियसचा बाप स्थेनेलस हे भाऊ, तेव्हा युरिस्थियस हा हेरॅक्लीसचा चुलत मामा लागतो. अल्कमिनीचा नवरा अँफिट्रायन पण पर्सियसचाच नातू, म्हणून काका म्हटलं तरी चालेल. आणि हेरॅक्लीसचा खरा बाप झ्यूस, जो पर्सियसचाही बाप, म्हणजे झ्यूस हा त्याचा वडील आणि खापरपणजोबा दोन्ही. जुळा भाऊ इफिक्लीस, तो मात्र अँफिट्रायनचा. हायड्राची मुंडकी छाटताना जळते पलिते धरणारा आयोलॉस हा या इफिक्लीसचा मुलगा, म्हणजे पुतण्या.

एवढ्या ताकदवान माणसाने त्या घाबरटाचं ऐकलं का, हा पुढचा प्रश्न असतोच. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड' महाकाव्यात, १९व्या सर्गात उत्तर आहे. झ्यूसने बढाई मारली की आज माझ्या रक्ताचा जो जन्मेल तो सगळ्या शेजाऱ्यांवर राज्य करेल. त्याच्या बायकोने, हेराने, त्याच्याकडून शपथ वदवून घेतली, लगेच आर्गॉसला जाऊन सातव्या महिन्यातला युरिस्थियस बाहेर काढला आणि अल्कमिनीच्या कळा थांबवून ठेवल्या. म्हणजे थोड्या उशिरा जन्मल्यामुळे आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली. मामांची तऱ्हा बघा, रानडुक्कर जिवंत आणलं तर हे कांस्याच्या रांजणात लपून बसले.

थिसियसही पेलॉप्सचा लागतो म्हणता, तो तर अथेन्सचा ना?

बापाकडून अथेन्सचा. आई ईथ्रा ही ट्रोझेनच्या पिथियसची मुलगी आणि पिथियस हा पेलॉप्सचा मुलगा. चरित्रकार प्लुटार्क असंही सांगतो की हेरॅक्लीसच्या आईची आई लायसिडिसी ही याच पिथियसची बहीण, त्यामुळे थिसियस आणि हेरॅक्लीस हे लांबचे मावसभाऊ, आणि थिसियसला लहानपणापासून हेरॅक्लीसचीच कॉपी मारायची होती.

आता यातला ईथ्राचा भाग मला सगळ्यात जास्त लागतो आणि तो कुणी सांगत नाही. थिसियसने वय झाल्यावर हेलनला (पुढे मेनेलॉसची बायको झाली ती) पळवलं, ती तेव्हा पोरसवदा होती, आणि आईजवळ ठेवून तो दुसऱ्या उद्योगाला पाताळात गेला. हेलनचे भाऊ कॅस्टर आणि पॉलिड्यूसीस आले, बहिणीला सोडवलं आणि जाताना ईथ्राला दासी म्हणून घेऊन गेले. पुढे हेलन नवऱ्याला सोडून ट्रॉयला गेली, ज्यावरून ट्रॉयचं युद्ध झालं, तेव्हा ही म्हातारी तिच्याबरोबर ट्रॉयला. 'इलियड'च्या ३ऱ्या सर्गात हेलन तटाकडे जाते तेव्हा मागच्या दासींमध्ये 'पिथियसची मुलगी ईथ्रा' असा एका ओळीचा उल्लेख आहे. नातं लावून बघा, मेनेलॉस तिचा चुलत भाऊ, म्हणजे भावाच्याच बायकोची दासी. आणि थिसियसने पळवली ती स्वतःची होणारी चुलत मामी. ट्रॉय पडल्यावर थिसियसच्या मुलांनी आजीला सोडवून आणलं.

हेलनच्या माहेरचे कोण कोण?

स्पार्टाची लेडा आणि टिंडारियस. हेलन झ्यूसची (तो हंस होऊन लेडाकडे आला ती गोष्ट), तिची बहीण क्लायटेम्नेस्ट्रा (पुढे अगामेम्नॉनची बायको) टिंडारियसची, भावांबद्दल मतभेद. लेडाची बहीण अल्थिया, तिची मुलं मेलिएगर आणि डेयानायरा, म्हणजे हेलनची मावसभावंडं. मेलिएगरने शिकारीच्या भांडणात मामांना मारलं म्हणून अल्थियाने, ज्या लाकडाच्या ओंडक्यात मुलाचा जीव होता तो ओंडका चुलीत घातला, भावांसाठी मुलगा. डेयानायरा हेरॅक्लीसची बायको, जिच्या हातून विषारी अंगरख्याने तो गेला. ओडिसियसची पेनेलोपी ही टिंडारियसच्या भावाची मुलगी, हेलनची चुलत बहीण. हेलनला मागणी घालणाऱ्या सगळ्यांकडून आधी शपथ घ्यायची, की जो नवरा होईल त्याच्या मदतीला सगळे धावतील, ही आयडिया ओडिसियसची, आणि बदल्यात त्याने टिंडारियसकडून पेनेलोपीसाठी शब्द टाकून घेतला. त्याच शपथेमुळे नंतर त्याला स्वतःलाच २० वर्षं घराबाहेर राहावं लागलं.

अगामेम्नॉन आणि मेनेलॉस सख्खे भाऊ आणि बायकाही सख्ख्या बहिणी?

हो, भाऊ आणि साडू. बाप ॲट्रियस मेल्यावर दोघं पळून स्पार्टाला आले आणि तिथलेच जावई झाले. मेनेलॉसला सासऱ्याची गादी मिळाली, अगामेम्नॉनने मायसिनी परत घेतली.

क्लायटेम्नेस्ट्राने नवऱ्याला का मारलं, ईजिस्थससाठी?

फक्त तेवढंच सांगणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. एक तर युरिपिडीसच्या एका नाटकात ती स्वतः सांगते की अगामेम्नॉन हा तिचा दुसरा नवरा, पहिला टँटलस (हा पणजोबा टँटलस नव्हे, थायस्टीसचा मुलगा), त्याला आणि तिच्या तान्ह्या बाळाला अगामेम्नॉननेच मारलं आणि मग तिच्याशी लग्न केलं. दोन, ऑलिस बंदरात वारा पडला, जहाजं अडकली, तर अकिलीसशी लग्न लावतो असं खोटं सांगून मोठ्या मुलीला, इफिजेनियाला, बोलावून घेतलं आणि आर्टेमिस देवीला बळी दिलं. कशासाठी, तर भावाची पळालेली बायको परत आणायला. तीन, १० वर्षांनी परत आला तो ट्रॉयची राजकन्या कसँड्राला बरोबर घेऊन. यावर बाईने डोकं शांत ठेवायचं म्हणजे जरा जास्तच अपेक्षा आहे.

मारलं कसं यातही फरक आहे. 'ओडिसी'त ईजिस्थस जेवायला बोलावून मारतो, गोठ्यात बैल मारावा तसा. एस्किलसच्या नाटकात ती स्वतः, न्हाणीत, अंगावर जाळ्यासारखं वस्त्र टाकून मारते आणि बाहेर येऊन सांगते की हो, मी केलं. ईजिस्थस तिथे नंतर उगवतो, भाव खायला.

इफिजेनिया मेली की वाचली?

दोन्ही. एस्किलसकडे मेली. युरिपिडीसकडे आर्टेमिसने ऐनवेळी तिच्या जागी हरिणी ठेवली आणि तिला टॉरिसला, म्हणजे क्रिमियाकडे, नेऊन पुजारीण केली. होमर तर बळीचं नावच काढत नाही, आणि त्याच्याकडे इफिजेनियाची बहीण इलेक्ट्राही नाही.

ओरेस्टीसने आईला मारलं आणि सुटला कसा?

बापाचा, म्हणजे अगामेम्नॉनचा, खून झाला तेव्हा ओरेस्टीस आत्याकडे वाढत होता, आतेभाऊ पायलाडीस हा जिवलग दोस्त. मोठा झाल्यावर अपोलो देवाने सांगितलं म्हणून परत आला आणि आईला आणि ईजिस्थसला मारलं. लगेच सूडदेवता, फ्यूरीज, मागे लागल्या. त्यांचा मुद्दा असा की बायकोने नवऱ्याला मारलं तर ते रक्ताचं नातं नाही, मुलाने आईला मारलं तर आहे. शेवटी अथेन्समध्ये अरिओपॅगस टेकडीवर ज्युरी बसली. अपोलो वकील, आणि त्याचा युक्तिवाद ऐकून आजही डोक्याला हात लावावासा वाटतो : आई ही खरी पालकच नाही, ती फक्त बापाचं बी सांभाळते. मतं समसमान पडली, अथीना देवीने ओरेस्टीसच्या बाजूने मत दिलं कारण तिला स्वतःला आई नव्हती, ती झ्यूसच्या डोक्यातून आलेली. एस्किलसने हे इ.स.पू. ४५८ मध्ये रंगमंचावर आणलं, ग्रीक नाट्यत्रयींपैकी पूर्ण शिल्लक राहिलेली ही एकच. तिन्ही ओळीने वाचली तर शेवटच्या भागात अगामेम्नॉनच्या बाजूने सगळे बोलतात, इफिजेनियाचं नाव कुणी घेत नाही, हे खटकतंच.

नंतर इलेक्ट्राचं लग्न पायलाडीसशी झालं, मामाची मुलगी, आपल्याकडे चालतं ते. ओरेस्टीसने मात्र मेनेलॉसच्या हर्मायनीशी केलं, जी त्याची चुलत बहीणही आणि मावस बहीणही.

अकिलीस या सगळ्यात कुठे बसतो?

तो या वंशात नाही, एजिना बेटाच्या ईॲकसचा नातू. बाप पेलियस, आई थेटिस ही समुद्रदेवी. तिच्यावर झ्यूस आणि पोसायडन दोघांचा डोळा होता, पण तिचा मुलगा बापापेक्षा वरचढ होणार असं कळल्यावर दोघांनी घाईघाईने तिला माणसाला देऊन टाकलं. पेलियसचा भाऊ टेलमन, त्याचा मुलगा थोरला एजॅक्स, म्हणजे चुलत भाऊ. एजॅक्सचा सावत्र भाऊ टूसर, त्याची आई हेसिओनी ही ट्रॉयचा राजा प्रायम याची बहीण. टूसर ग्रीकांकडून धनुष्य घेऊन ज्या हेक्टरवर, प्रायमच्या मुलावर, नेम धरतो तो त्याचा मामेभाऊ आहे. सिनेमात हे कधीच दाखवत नाहीत.

एडिपसचाही पेलॉप्सशी संबंध आहे का?

रक्ताचा नाही, शापाचा. एडिपसचा बाप लेयस तरुणपणी पेलॉप्सच्या घरी पाहुणा होता, मुलाला रथ शिकवायला ठेवलं तर त्या क्रिसिपसलाच पळवून नेलं. हो, तोच क्रिसिपस, कारण त्याच्या मरणाची पण दोन व्हर्जन आहेत. पेलॉप्सने शाप दिला, आणि पुढे लेयस स्वतःच्या मुलाच्या, एडिपसच्या, हातून मेला. शिवाय पेलॉप्सची बहीण नायोबी थीब्जच्या, म्हणजे एडिपसच्याच गावच्या, राजाला दिली होती, जिने मुलांचा तोरा मिरवला आणि अपोलो-आर्टेमिसने सगळी मुलं मारली, होमरकडे १२, इतरांकडे १४.

प्रत्येक ठिकाणी वेगळी माहिती का असते? बरोबर कोणती?

एकच ग्रंथ नव्हता म्हणून. प्रत्येक गावाची आपली कथा आणि नाटककारांना बदल करायची मोकळीक. 'इलियड'च्या २ऱ्या सर्गात अगामेम्नॉनच्या राजदंडाचा प्रवास दिलाय : झ्यूस, हर्मीस, पेलॉप्स, ॲट्रियस, थायस्टीस, अगामेम्नॉन. भांडण नाही, कालवण नाही, भावाने भावाला शांतपणे दिला. त्यामुळे 'बरोबर कोणतं' असं विचारण्यापेक्षा 'कुणाच्या म्हणण्याप्रमाणे' असं विचारा.

ही माणसं खरंच होती का? 'अगामेम्नॉनचा' म्हणतात तो सोन्याचा मुखवटा?

१८७६ मध्ये उत्खनन करणाऱ्या जर्मन श्लीमानला मायसिनीत सापडलेला मुखवटा इ.स.पू. १६व्या शतकातला आहे, जुन्या ग्रीकांनी ट्रॉयच्या पाडावाचं साल इ.स.पू. ११८४ धरलंय, म्हणजे मध्ये तीन-चारशे वर्षं. अगामेम्नॉनचा तो नाही. तिथलीच 'ॲट्रियसचा खजिना' म्हणून दाखवतात ती घुमटाची खोलीही खजिना नाही, कबर आहे, आणि ॲट्रियसचं नाव नंतर चिकटलंय. श्लीमानचा विश्वास मात्र पक्का होता, त्याने स्वतःच्या मुलाचं नाव अगामेम्नॉन ठेवलं आणि मुलीचं अँड्रोमॅकी.

ग्रीकांना एवढ्या वंशावळी कशाला लागायच्या?

कारण त्या कामाच्या होत्या. मॅसेडोनियाच्या पहिल्या अलेक्झांडरला ऑलिंपिकमध्ये उतरताना हरकत घेतली की तू ग्रीक नाहीस, त्याने आपलं कुळ आर्गॉसचं असल्याचं सिद्ध केलं तेव्हा घेतलं. त्याच्या वंशातला जगजेत्ता सिकंदर बापाकडून हेरॅक्लीसचा आणि आईकडून अकिलीसचा वंशज म्हणवायचा. स्पार्टाचे राजे हेरॅक्लीसचे, पण टेगिया गावाशी लढाई जिंकता येईना तेव्हा देववाणीने सांगितलं की ओरेस्टीसची हाडं आणा. इतिहासकार हिरॉडोटस सांगतो की एका लोहाराच्या अंगणात विहीर खणताना ७ हात लांबीची शवपेटी लागली होती, स्पार्टाच्या माणसाने ती हाडं गुपचूप पळवली आणि मग लढाया जिंकायला लागले. अथेन्सने पण मागे न राहता आपला सेनापती सायमन याच्या हातून स्कायरॉस बेटावरून थिसियसची म्हणून हाडं आणली.

मग पेलॉप्सचं घराणं संपलं कुठे?

ओरेस्टीस आणि हर्मायनीचा मुलगा टिसामेनस, तो शेवटचा मोठा राजा. त्याच्या काळात हेरॅक्लीसचे वंशज फौज घेऊन पेलोपोनीझमध्ये उतरले, आमचं होतं ते परत द्या म्हणून, आणि टिसामेनसला मारलं किंवा हाकललं, पुन्हा दोन व्हर्जन. जिंकलेल्यांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली : आर्गॉस टेमेनसला, स्पार्टा ॲरिस्टोडेमसच्या जुळ्या मुलांना, आणि मेसीनियाची सुपीक जमीन क्रेसफॉन्टीसला, ज्याने चिठ्ठ्यांमध्ये लबाडी केली होती.